व्यासांच्या हातची पोथी

काशीस जाणारा मराठी माणूस बहुधा गंगेच्या पश्चिम तीरावरच आपले सारे दिवस काढतो. विश्वेश्वराचे दर्शन घ्यावे, पंचगंगेवर स्नान करावे, दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या बोळांतून हिंडताना कोठे मराठी कानी पडते का ते पाहावे आणि गंगाजलाचा सीलबंद गडू घेऊन गाडीत बसावे, एवढ्यात त्याची यात्रा पुरी होते. पलीकडच्या तीरावरील रामनगरास तो सहसा जात नाही. गेलाच तर किल्ला पाहून परततो. मीही कित्येक वर्षे असाच परतत होतो. एका आश्विनात मात्र तेथील रामलीला पाहण्याचा योग आला, आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे.

प्रथम त्या लीलेचे स्वरूप सांगतो. अनंत चतुर्दशीस तिचा आरंभ होतो आणि आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास समाप्ती. म्हणजे जवळजवळ महिनाभर हा एकच खेळ चालतो. खेळ हा शब्द मी जाणून वापरीत आहे, कारण लीला म्हणजे खेळच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, काशीनरेश उदितनारायण सिंह ह्यांच्या कारकीर्दीत, ह्या लीलेची घडी बसू लागली आणि त्यांच्यामागून आलेल्या ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांनी ती पक्की केली. रंगमंच असा नाहीच. सारे रामनगर हाच रंगमंच. एका बाजूस अयोध्या, दुसरीकडे जनकपूर, पुढे चित्रकूट, पंचवटी, आणि गावाबाहेरच्या विस्तीर्ण मैदानात लंका. राम वनवासास निघाला की प्रेक्षकही त्याच्यामागून चालू लागतात. ध्वनिवर्धक नाही, विजेचे दिवे नाहीत. मशाली आणि गॅसबत्त्या. बारा रामायणी मृदंग-झांजांच्या साथीवर तुलसीदासांचे रामचरितमानस गात असतात, आणि राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न, सीता ही पाच स्वरूपे म्हणजे आवाज न फुटलेले लहान ब्राह्मण मुलगे असतात. एकदा डोक्यावर मुकुट चढला की त्या मुलांना देवच मानावयाचे.

ह्या मुलांच्या अगदी पाठीशी एक गृहस्थ उभे असतात. हातात संवादांची बांधीव पोथी. त्यांना म्हणतात व्यास. रामायण्यांचे गायन थांबले की कोणी तरी मोठ्याने पुकारतो, "चुप रहो! सावधान!" आणि त्या अफाट गर्दीत एकाएकी शांतता पसरते. मग मुलगा उंच, ताणलेल्या स्वरात, एकेक शब्द सुटा करून आपला संवाद म्हणतो. अडखळला तर व्यास सांगतात. न अडखळला तरीही पुष्कळदा सांगतातच. हे सारे पडद्याआडून नव्हे, सर्वांच्या देखत चालते. रावणासाठी, हनुमंतासाठी, इतर पात्रांसाठी दुसरे व्यास, दुसरी पोथी. हे संवाद ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांच्या काळात रचले गेले. भारतेंदु हरिश्चंद्रांसारख्यांचाही त्यांना हात लागला असे सांगतात. तेव्हापासून पोथीतील शब्द तोच शब्द.

खरे सांगावयाचे तर पहिल्या संध्याकाळी माझी निराशा झाली. नाटकवेड्या प्रांतातून आलेला मी. मला ते शाळेतील पाठांतरासारखे वाटले. पात्राच्या मुखी आपले असे काहीच नाही, जे आहे ते सारे पोथीचे. मग ह्याला अभिनय कसा म्हणावा, असा विचार करीत मी नावेत बसून परत आलो.

घरी परतल्यावर महिन्याभरातच मला एका निराळ्याच तंट्यात मध्यस्थ व्हावे लागले. माझा भाचा आणि त्याचे पाच मित्र शनिवारी रात्री एका टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. हा खेळ अमेरिकेतून आलेला आहे. त्याचे नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. पट, सोंगट्या असल्या तरी त्या गौण. खेळ चालतो तो बोलण्यावर. एक जण सूत्रधार होतो. तो सांगतो: तुम्ही एका पडक्या गढीच्या तळघरात उतरला आहात, समोर ओला जिना आहे, खालून कसला तरी घोरण्याचा आवाज येतो आहे. इतरांनी एकेक सोंग घेतलेले असते. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. प्रत्येकाने आपल्या सोंगाला शोभेल असे सांगावयाचे की मी आता अमुक करतो. ते साधले की फसले हे फाशांनी ठरते, आणि फासे कसे वाचावेत ह्याची जाडजूड नियमपुस्तके असतात. सोंग मेले तर मेले. वर्षभर जोपासलेला योद्धा एका फाशात जातो.

तंटा असा झाला. एकाने सांगितले, "मी कंदिलातील तेल जिन्यावर ओततो, राक्षस वर येताना घसरून पडेल." नियमपुस्तकात तेल ओतण्याविषयी काही नव्हते. भाच्याला कल्पना आवडली. फासा टाकला गेला, तो वाईट पडला; तरीही भाच्याने राक्षसाला घसरू दिले. त्याबरोबर दुसरा मित्र ताडकन उठला. मागच्या शनिवारी त्याचा योद्धा असाच वाईट फासा पडून मेला होता, आणि तेव्हा भाच्याने पुस्तकाकडे बोट दाखविले होते. "माझ्या वेळी पुस्तक आणि ह्याच्या वेळी मर्जी?" एवढे बोलून तो निघून गेला. मुले वीस-बाविशीची, पण त्या रात्री त्यांची तोंडे पाहण्यासारखी झाली होती.

मी त्या खेळाचे पूर्ववृत्त जरा चाळून पाहिले, आणि मला गंमत वाटली ती अशी की हे भांडण त्या खेळापेक्षाही जुने आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटाने 1824 साली नकाशावर लढाई खेळण्याचे नियम छापले. तोफेचा मारा किती अंतरावर किती माणसे पाडील ह्याची कोष्टके, आणि दैवाच्या जागी फासे. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी हा खेळ रूढ झाला. पण नियमांवर नियम चढत गेले आणि खेळणारे कोष्टकांतच बुडाले, तेव्हा 1876 साली फेर्दी दु वेर्नोआ ह्या सेनाधिकाऱ्याने सांगितले की बहुतेक कोष्टके बाजूस ठेवा. अनुभवी पंच बसवा आणि तो सांगेल तो निकाल माना. खेळ मोकळा झाला, वेगवान झाला. परंतु अनुभवी पंच आणावा कोठून? पंच उणा पडला की मोकळ्या खेळाची लहर होते, आणि लहरीपुढे हरलेल्यास काहीच शिकता येत नाही.

पुढे 1969 साली अमेरिकेत डेव्हिड वेस्ली ह्या गृहस्थाने असाच एक लढाईचा डाव एका काल्पनिक जर्मन गावात मांडला आणि सैन्यांखेरीज गावातील माणसांच्याही भूमिका खेळाडूंना दिल्या. लढाई बाजूस राहिली. खेळाडू आपापली कारस्थाने करीत सुटले. वेस्लीला वाटले, खेळ पार फसला. खेळाडूंना मात्र तोच हवा होता. त्या मंडळींतल्या डेव्ह आर्नेसन ह्याने ती सोंगे जादूच्या आणि राक्षसांच्या प्रदेशात नेली. गॅरी गायगॅक्स ह्याने त्याच्या सहकार्याने नियम लिहून काढले, आणि 1974 साली तीन लहान पुस्तिकांची एक पेटी विक्रीस आली. त्या पुस्तिकांच्या अखेरीस गायगॅक्सने वाचकाला सुचविले होते की पुढचे तुमचे तुम्हीच कल्पावे. परंतु गावोगाव एकाच नावाने निरनिराळे खेळ होऊ लागले, स्पर्धा भरू लागल्या, आणि तीन-चार वर्षांतच त्याच लेखकाचा सूर पालटला. सर्वत्र एकच खेळ एकसारखा खेळला जावा म्हणून त्याने जाड बांधणीचे ग्रंथ काढले. म्हणजे पोथी आधी नव्हती. आधी खेळ होता, मग त्याची पोथी झाली, आणि मग पोथी खेळाला दटावू लागली.

आपल्याकडे ह्याची आठवण फार दूरची नाही. विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 1843 साली 'सीतास्वयंवर' केले तेव्हा सूत्रधार पद म्हणे आणि पात्र त्या पदाच्या अनुरोधाने आपल्या मनचे बोले. बोलण्याची संहिता नव्हती. राक्षस आला की त्याने 'अलल्लडुर्र' करून थैमान घालावे. बाकी त्याच्या अंगच्या बळावर. पुढे छापील संवादांची नाटके आली. विनायक जनार्दन कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे 1861 चे. ह्या नव्या नाटकांना लोकांनी नाव काय दिले, तर 'बुकिश'. त्या शब्दात आदर किती आणि उपहास किती हे आज सांगणे कठीण, दोन्ही असावीत. आता गंमत पाहा: पद गायिले जावे आणि मग पात्राने गद्यात बोलावे, ही भाव्यांची रचना आणि रामनगरची रचना मुळात एकच. काळही जवळजवळ एकच. फरक एवढाच की सांगलीत बोलणे मोकळे राहिले आणि रामनगरला ते लिहिले गेले.

मोकळे बोलणे आजही पाहावयाचे असेल तर तळकोकणात जावे. वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ, पलीकडे गोव्यात पेडणे, ह्या भागांत कार्तिकापासून देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि दशावताराच्या कंपन्या गावोगाव फिरू लागतात. सामान काय, तर एक बाकडे. तेच सिंहासन, तोच पर्वत. पायपेटी, पखवाज आणि झांज. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता मालक सांगतो की आज अमुक आख्यान. तू राजा, तू राणी, तू नारद. एवढीच तालीम. मग रात्रभर ही माणसे एकमेकांसमोर उभी राहून धर्म, राज्य, पातिव्रत्य ह्यांवर असे वाद घालतात की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे, आणि त्यातील एक अक्षरही कोणी लिहून दिलेले नसते.

परंतु हे बोलणे आकाशातून पडत नाही. ही माणसे लहानपणापासून कीर्तने ऐकत आली, घरोघर श्रीधरस्वामींचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' वाचले जाताना ऐकत आली. पोथी त्यांच्या हातात नाही ह्याचे कारण ती पोटात आहे. शिवाय खेळाचा आरंभ ठरलेला असतो. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, मोरावरची सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. आणि मग येतो संकासुर: काळा वेश, लोंबती लाल जीभ. हा ब्रह्मदेवाचे वेद पळवितो. ज्या नाटकाला संहिता नाही त्याच्या आरंभीच ग्रंथांची चोरी व्हावी, ही गोष्ट मला कैक वर्षे दिसूनही दिसली नव्हती. सर्वांत मोकाट बोलतो तोही हाच चोर. मालवणीत गावच्या पुढाऱ्यांची टर उडवितो, समोर बसलेल्यांना नावानिशी टोमणे मारतो. मग विष्णू येऊन त्याला मारतो, वेद परत मिळतात, आणि आख्यान सुरू होते.

अभिमन्यूचे आख्यान लागले तर नट काय वाटेल ते बोलो, पहाटे अभिमन्यू मरणारच. हे नटाला ठाऊक असते, प्रेक्षकांनाही असते. शेवट बांधलेला आहे म्हणून शब्द सोडता येतो. भाच्याच्या टेबलावर नेमके उलट आहे. तेथे योद्धा जगेल की मरेल हे कोणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच फासे कसे वाचावेत हे आधी बांधून घ्यावे लागते. तेही सुटले तर हरणाऱ्याला आपण हरलो की हरविले गेलो हे कळण्यास मार्ग उरत नाही. पोथी हवी की प्रतिभा हवी, हा प्रश्न मला आता तितकासा खरा वाटत नाही. खेळात कोणती गाठ पक्की आहे आणि कोणती सैल, हे सर्वांना आधी ठाऊक आहे काय, एवढेच विचारावे.

म्हणून मी भाच्याला सांगितले की तेलाची कल्पना फार चांगली होती आणि पुस्तक सोडल्याचा तुझा काही दोष नाही. दोष एवढाच की तू ते फासा पडल्यावर सोडलेस. राक्षस तेलावर कितीवर घसरेल हे फासा टाकण्यापूर्वी बोलून दाखविले असतेस, तर तुझा मित्र उठला नसता.

ह्या बाबतीत मला काशीच्याच एका मराठी घराण्याचे स्मरण होते. पैठणहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी 1612 साली 'निर्णयसिंधु' पुरा केला. व्रते, तिथी, श्राद्धे, ह्यांविषयी शास्त्रवचने एकमेकांविरुद्ध पडली तर काय करावे ह्याचा तो महाग्रंथ. आपल्या पंचांगांतून आजही त्याचे नाव येते. नियमपुस्तक म्हणावे तर ह्याहून मोठे कोणते? ह्याच कमलाकरभट्टांचा पुतण्या विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट. त्याच्यापुढे असा प्रसंग आला की ज्याचा चालू प्रघात कोणाच्या पाहण्यात नव्हता. शिवछत्रपतींना राज्याभिषेक करावयाचा होता. गागाभट्टाने ऐन वेळी सुचेल ते केले नाही आणि प्रघात नाही म्हणून हातही वर केले नाहीत. त्याने जुन्या ग्रंथांतून वेचून 'शिवराजाभिषेकप्रयोग' हा विधी आधी लिहून काढला आणि मग 6 जून 1674 रोजी रायगडावर तो पार पाडला. त्यातही कोणाला उणे दिसलेच. निश्चलपुरी गोसाव्याने त्यात दोष काढले, आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. त्याची पुन्हा निराळी पोथी. पुतण्याने केलेले चुलत्याला रुचले असते की नाही, असा विचार माझ्या मनात कधी कधी येतो. रुचले असावे. विरोधी वचनांतून वाट काढणे हाच तर त्या घरचा व्यवसाय होता.

दशावतारी नटांविषयी मला मात्र खरी चिंता वाटते. घरोघरची पोथीवाचने कमी झाली. जो तरुण आज राजाचा मुकुट चढवितो त्याने पांडवप्रताप ऐकलेला असेल असे नाही. दूरदर्शनवरील महाभारत पाहिलेले असेल. मग बोलणे लांबते, पण खोली येत नाही. टाळ्यांची वाक्ये तीच ती येतात. काही मंडळी म्हणतात की जुन्या नटांची आख्याने लिहून काढा, संहिता करा. लिहून अवश्य काढावीत. ती माणसे गेल्यावर काय उरणार? परंतु त्या वह्या नव्या नटांनी पाठ कराव्यात असे मात्र मला वाटत नाही. त्या वाचाव्यात आणि विसराव्यात. पाठ केलेल्या आख्यानात समोरचा नट काय बोलतो हे ऐकण्याची गरजच उरत नाही, आणि दशावताराचा जीव त्या ऐकण्यात आहे. चांगला दशावतारी नट वाक्य संपविताना समोरच्याच्या उत्तराला जागा ठेवतो. नवशिक्या ती जागाही स्वतःच भरून टाकतो.

दुसऱ्यांदा मी रामनगरला गेलो तेव्हा मुलांकडे कमी पाहिले आणि गर्दीकडे अधिक. रोज नेमाने येणाऱ्यांना तेथे नेमी म्हणतात. कित्येकांच्या हातात मानसाचा गुटका असतो आणि एका हाताने टॉर्च धरून ते रामायण्यांबरोबर पाने उलटीत असतात. माझ्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ असेच बसले होते. चार माणसांना एक उजेड पुरत होता. रामाचे काम करणारा मुलगा दहा-बारा वर्षांचा असेल. त्याला सुमारे दोन महिने शिकविलेले असते. तो काही नटश्रेष्ठ नव्हे, आणि पुढील काही वर्षांत त्याचा आवाज फुटला की त्याच्या जागी दुसरा येईल. तेव्हा माझ्या ध्यानात आले की ही पोथी त्या मुलाला बांधून ठेवण्यासाठी नाही. ती असल्यामुळेच कोणाही मुलाला राम होता येते. प्रतिभेवर सोपविले असते तर एखाद्या घराण्याची मक्तेदारी झाली असती, किंवा एखाद्या वर्षी योग्य मुलगा मिळाला नाही म्हणून राम वनात गेलाच नसता.

काशीला मोकळेपणाचे वावडे आहे असे मात्र कोणी समजू नये. गंगेच्या ह्या तीरावर चेतगंजची नक्कटैया निघते. शूर्पणखेचे नाक कापले गेल्यावर राक्षसांची सेना चालून येते, एवढेच निमित्त. मग रात्रभर सोंगे, चित्ररथ, सरकारावर आणि महागाईवर टीका, जे सुचेल ते. संकासुराचे आप्तच म्हणावेत. आणि नाटी इमलीचा भरतमिलाप असा की सूर्य मावळतीला आला असता चौघे भाऊ धावत येऊन भेटतात. काही मिनिटांचा सोहळा, संवाद जवळजवळ नाहीतच, आणि त्यासाठी सारे शहर लोटते. एकाच गावात एकाच कथेच्या ह्या तीन तऱ्हा सुखाने नांदतात. कोणी कोणाला खोटी म्हणत नाही.

रामनगरला राज्याभिषेकाची रात्र सरत आली की सूर्योदयाच्या सुमारास आरती होते. तिला भोर की आरती म्हणतात. मी रात्रभर तेथेच होतो. अयोध्येचे ते लहानसे मैदान माणसांनी इतके भरले होते की पाय हलविता येत नव्हता. महताबीचा उजेड पडला, पाच मुले सिंहासनावर निश्चल बसली होती, डोळ्यांवर झोप अनावर झालेली. त्या वेळी कोणाला काही बोलावयाचे नसते. व्यासांनी पोथी मिटून काखेत धरली होती आणि तेही इतरांसारखेच टाचा उंचावून पाहत होते.